बेडकाच्या धैवताच्या शोधात: कोल्हापूर, आंबोली, मिरज

भांडण धैवतावरून सुरू झालं. आत्याच्या क्लासच्या भिंतीवर एक जुना तक्ता आहे. सा म्हणजे मोर, रे चातक, ग बकरा, म क्रौंच, प कोकिळ, ध बेडूक आणि नी हत्ती. क्लासला येणारी मुलं वर्षानुवर्षं त्या बेडकाकडे बघून फिदीफिदी हसत आली आहेत. लहानपणी मीही हसले होते. मे महिन्यात कोल्हापूरला गेले तेव्हा सहज विचारलं, "आत्या, बेडूक खरंच धैवत लावतो का गं?"

"तीस वर्षं शिकवलंय मी."

"ते माहितेय. ऐकलायस का कधी?"

आत्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "नाही."

हा तक्ता कुणा कॅलेंडरवाल्याच्या डोक्यातून आलेला नाही. शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त ही यादी आहे, आणि ते पुस्तक लिहिलं गेलं १३व्या शतकात, आपल्या देवगिरीत, सिंघण यादवाच्या दरबारी. त्याहून जुन्या नारदीय शिक्षेत मात्र धैवत घोड्याकडे आहे आणि रिषभ गाईबैलांकडे. म्हणजे शास्त्रकारांचंही एकमत नव्हतंच. घोडा कुठं शोधत बसणार? बेडूक सोपा. त्यातच आत्याचा तानपुरा मिरजेला जवारीला, म्हणजे तारांचा झंकार जुळवायला, दिलेला होता, तो शुक्रवारी मिळणार होता. मग मंगळवारी निघायचं, तीन रात्री आंबोलीत काढायच्या आणि येताना मिरज करायचं असं ठरलं. जूनचा तिसरा आठवडा होता.

मंगळवार: आजऱ्याच्या अलीकडचा हत्ती

सकाळी आठला कोल्हापूर सोडलं. उत्तूरपर्यंत नुसतं मळभ होतं. आजऱ्याच्या थोडं अलीकडे एका चिखलणी झालेल्या शेताशी आत्या एकदम म्हणाली, "थांब, थांब. काच खाली घे."

बांधाच्या खाली गुडघाभर पाणी साचलेलं आणि त्यात पंधरा-वीस बेडूक. आपले नेहमीचे मातकट नव्हेत, हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक. पहिल्या पावसात नर असे रंग बदलतात हे वाचलेलं होतं, पण बघितलं पहिल्यांदाच. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. फुगा भरला की डरांव, रिकामा झाला की शांतता, पुन्हा भरला की डरांव. एक नर दुसऱ्याच्या पाठीवर चढायला गेला आणि लाथ खाऊन उताणा पडला. आत्या छत्री मिटून, साडी खोचून बांधावर उकिडवी बसली. वय वर्षं ६८.

मी मोबाइलवर ट्यूनरचं ॲप लावलं. काटा नुसता थरथरत होता, कारण असल्या घोगऱ्या आवाजात एक स्वर कमी आणि खरखर जास्त. तरी तो पुन्हा पुन्हा पांढरी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीच्या, आसपास येऊन टेकत होता. आत्यानं ॲपकडे बघितलंही नाही. डोळे मिटून दोन-तीनदा 'हूं' केलं आणि म्हणाली, "पांढरी चार. थोडा उतरलेला."

मग तिनं तिच्या मोबाइलवरचा तानपुरा पांढरी पाचला लावला. तिचा हल्लीचा सा तोच. तानपुरा चालू, बेडूक चालू, आणि मधोमध आत्या, कपाळाला आठ्या घालून.

"काय निघाला?"

"कोमल निषाद."

तक्त्यात निषाद हत्तीचा. आजऱ्याला पोचेपर्यंत आम्ही हसत होतो.

आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या. वास घेऊन घ्या, आणि जुना मागा, तो जास्त मोकळा शिजतो. पुढच्या रस्त्यावर जेवायची ठिकाणं आहेत, पण दुपारी तीननंतर भजी आणि चहावर भागवावं लागतं.

आंबोलीत शिरलो ते धुक्यातच. उतरायची सोय घरगुती होती: कौलारू घर, मागच्या पडवीला पत्रे. घरचे काका भजनी मंडळात पखवाज वाजवतात हे फोनवर कळलं नव्हतं, ते तिथं गेल्यावर भिंतीवरच्या पखवाजानं सांगितलं. रात्री काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, टाकळ्याची भाजी. टाकळा कोवळा असतानाच खायचा, पुढं तो चिवट होतो. वहिनींनी तो नुसत्या कांद्यावर आणि ओल्या खोबऱ्यावर परतला होता.

जेवण झाल्यावर पडवीत बसलो. पत्र्यावरून पागोळ्या पडत होत्या, त्यातली एक थेट उपड्या घातलेल्या घमेल्यावर. टण्... टण् टण्... टण्. काकांचा आठवीतला मुलगा मांडीवर बोटं वाजवायला लागला आणि दोन मिनिटांत त्या टणटणीचा दादरा झाला. मला शपथेवर विचाराल तर पागोळी बिनतालाची होती. पण त्यानं एकदा 'धा धिं ना' तिच्यावर बसवल्यावर मला ती दुसरी कशी ऐकूच येईना.

बुधवार: शीळ आणि डबलबारी

पहाटे साडेपाचला कुणीतरी अंगणात शीळ घालत फिरतंय असं वाटलं. कुणी टवाळ पोरगं असावं असं समजून मी कूस बदलली. आत्यानं हलवून उठवलं. "अगं, पक्षी आहे तो."

शीळकरी कस्तूर. सह्याद्रीतला, काळपट निळा, खांद्यावर आणि कपाळावर चकाकती निळाई. पावसाळ्यात, ओढ्याच्या काठी, उजाडायच्या आधी तो गातो. गातो म्हणजे काय, तर खालून हळू सुरू करतो, वर जातो, मध्येच भलत्याच ठिकाणी उडी मारतो, आणि आता हा टेकेल असं वाटतं तिथं गप्प बसतो. माणसाच्या शिळेशी त्याचं इतकं साम्य आहे की इंग्रजांनी त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा असंच नाव ठेवलं. आम्ही वीस मिनिटं अंधारात, एका छत्रीत उभ्या होतो. तो दिसला नाही. आत्याचा शेरा एवढाच: "गळा सुरेख आहे. पण समेवर येत नाही मेला."

तुम्हाला ऐकायचा असेल तर साडेपाच ते साडेसहा ही वेळ गाठा. पावसाची मोठी सर असेल तर घरातच ऐका, छत्रीवरच्या पावसात बाहेर काही ऐकू येत नाही. रेकॉर्डिंग करायचं तर मोबाइलला जुना लोकरी मोजा घाला, वारा कापला जातो. आणि त्याचाच आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावू नका. हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो गाणं सोडून भांडायला येतो, आणि विणीच्या दिवसांत त्याला ते परवडणारं नाही.

दहा वाजता हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी निघते आणि देवळापुढच्या कुंडात येते. ह्या कुंडातल्या बोटाएवढ्या माशाची नवी जात म्हणून नोंद झाली २०२० साली, नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. पाण्यात हातपाय घालू नका. आत्याला मासा दिसला, मला नाही. तिथं मात्र पाणीच इतकं बोलत होतं की आम्ही दोघी बोललो नाही. मोठ्या धबधब्याकडे गेलोच नाही. शनिवार-रविवारी तिथं गाड्यांच्या स्पीकरशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही असं काका म्हणाले.

रात्रीची फेरी हे ह्या सहलीतलं खरं जेवण. गावातला एक वाटाड्या मुलगा ठरवला होता. आंबोलीत अशी चार-पाच तरुण मंडळी आहेत, राहत्या घरी विचारलं की नंबर मिळतो. गमबूट हवेतच. दहा पावलांवर, कमरेएवढ्या झुडपात, हिरवा चापडा, हा विषारी साप, वेटोळं करून निवांत बसलेला होता. वाटाड्या म्हणाला, "तो कुठं जात नाही. तुम्हीच जा." जळवांसाठी मीठाची पुरचुंडी ठेवा. हाताला ओडोमॉस वगैरे लावून बेडकाला हात लावू नका. हात न लावणं सगळ्यात उत्तम, त्यांची कातडी सगळं शोषून घेते.

कातळावर साचलेल्या बोटभर पाण्यात त्यानं आंबोली टोड दाखवला. नखाला नख जोडल्यासारखा बारका जीव, अंगावर पिवळसर पट्टे. ह्या जातीला शास्त्रीय नाव मिळालं २००९ साली, आणि जगात ती सापडते ती ह्या पठाराच्या आसपासच. डबकं सुकायच्या आत अंडी-पिल्लं उरकायची असतात, म्हणून पहिल्या पावसातच त्यांची घाई. पुढं पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं, साबणाचा फेस कुणी चिकटवून ठेवावा तसं. मलबारी उडत्या बेडकाचं. पिल्लं मोठी झाली की त्या फेसातून थेट खालच्या पाण्यात पडतात.

मग वाटाड्यानं सगळ्यांना बॅटऱ्या बंद करायला सांगितलं.

पहिल्या मिनिटाला नुसता कलकलाट. दुसऱ्या मिनिटाला तो सुटा व्हायला लागला. सगळ्यात वर रातकिड्यांची न तुटणारी किर्र. त्याखाली झुडपातल्या बारक्या बेडकांचं टिक्-टिक्, खडा खड्यावर आपटावा तसं. त्याच्याखाली फांदीवरच्यांची टकटक. अगदी तळाला, लांबच्या डबक्यातून, घोगरे. कुणी कुणाच्या पट्टीत शिरत नाही. शिरून चालतही नाही, कारण ओरडतात ते सगळे नर, आणि आपल्या जातीच्या मादीला आपला आवाज ह्या गर्दीतून वेगळा ओळखू यायला हवा. म्हणून कुणी पट्टी वेगळी घेतो, कुणी वेळ, कुणी जागा.

जवळच्या डबक्यातल्या एकानं सुरू केलं की बाकीचे उचलायचे, मग एकदम सगळे गप्प, मग लांबचं डबकं. परत आल्यावर काकांना हे सांगितलं तर ते हसले. "ती डबलबारी! पाऊस इलो की ह्येंचा भजन सुरू. एका बुवाचा झाला की दुसरो बुवा."

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. काकांना कदाचित माहीत नसेल, पण ही उपमा फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, १०३व्या सूक्तात, हेच बेडूक आहेत. वर्षभर व्रत धरून गप्प राहिलेले, पाऊस पडताच बोलू लागलेले, आणि एकाचं बोलणं दुसरा असं उचलतो जसं शिकणारा शिकवणाऱ्याचं. आत्याला हे वाक्य फार आवडलं. "म्हणजे क्लासच की," ती म्हणाली. "पुढच्या रांगेतला चुकला की सगळे चुकणार."

गुरुवार: दिवसभर पाऊस

सकाळपासून असा पाऊस की समोरचं फणसाचं झाड दिसेना. कावळेसादला जायचं होतं, रद्द. कपडे वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड जास्त आणा. काडेपेटी सादळते, आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर आतून वाफ धरते. तो तांदळाच्या डब्यात ठेवावा असं वहिनींनी सुचवलं. घनसाळ होताच.

शेजारच्या खोलीत बेळगावचा एक मुलगा उतरला होता, पक्षी बघायला आलेला, व्हायोलिन शिकणारा. तो, आत्या आणि आठळ्या भाजलेलं ताट असे तिघं पडवीत बसले ते जेवणापर्यंत. त्यानं सांगितलं की बेटहोवनच्या सहाव्या सिंफनीत, जी १८०८ साली पहिल्यांदा वाजली, ओढ्याकाठच्या भागाच्या शेवटी तीन पक्षी येतात, आणि त्यांची नावं त्यानं स्वरलिपीतच लिहून ठेवलीयेत: बासरीवर नाइटिंगेल, ओबोवर लावा, क्लॅरिनेटवर कोकीळ. त्यानं मोबाइलवर ऐकवलं. कोकीळ म्हणजे तिकडची कुक्कू, आपली कुहू नव्हे. दोन स्वर, वरून खाली.

आत्यानं नीट ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे. पण आपल्याकडं असं करत नाहीत. मल्हाराच्या बंदिशींत बघ, दादुर आहे, मोर आहे, पपीहा आहे. पण सगळे शब्दांत. गाताना कुणी डरांव करून दाखवत नाही. मियाँमल्हारात दोन निषाद शेजारी शेजारी घोळवतात, लोक म्हणतात ढग गडगडले. ढगाचा आवाज काढलेला नसतोच. भरून आल्यावर जसं होतं, तसं होतं."

त्या मुलानं हळूच दुरुस्ती केली की पपीहा म्हणजे आपला पावशा, चातक तो वेगळा. काळापांढरा, तुरेवाला, पावसाच्या पुढं येणारा. आत्यानं ती मुकाट्यानं मान्य केली, जे दुर्मीळ आहे. पावशा आपल्याकडे 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतो. प्रत्येक वेळी थोडं वर, थोडं वर, शेवटी आवाज फाटेपर्यंत, आणि मग परत खालून. शेतकऱ्याला त्यात पेरणी ऐकू आली आणि हिंदी बंदिश रचणाऱ्याला 'पी कहाँ', प्रियकर कुठं आहे. पक्षी एकच.

दुपारी मी कस्तुराचं रेकॉर्डिंग काढलं. आत्यानं सवयीनं खाली तानपुरा सोडला, पांढरी पाच. आणि तीच भटकी शीळ एकदम कुठंतरी बसली. सगळी नाही, पण मधला एक तुकडा असा की आत्यानं मान हलवली. "हे बघ, हा शुद्ध गंधारावरून उतरला." मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं तानपुरा काळी दोनवर नेला आणि म्हणाली, "परत लाव."

तोच तुकडा. तोच पक्षी, तीच पहाट, मागं तोच पाऊस. पण आता तो रडवेला झाला होता. मघाचा गंधार आता पंचमाला जेमतेम ओलांडलेला कोमल धैवत होता, आणि उतरताना तो दुसऱ्याच कुणाच्यातरी घरी उतरत होता. बेळगावकर म्हणाला, "पुन्हा." आम्ही तासभर तेच केलं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. दर वेळी कस्तूर नवीन काहीतरी गायला.

"म्हणजे तो काहीच गात नाही?" मी विचारलं.

"तो गातोय की," आत्या म्हणाली. "त्याचा सा त्याच्यापाशी असेल. आपल्याला कुठं दिलाय त्यानं?"

रात्री कुर्ल्यांचा रस्सा होता. त्याबद्दल लिहायला लागले तर मिरज राहील.

शुक्रवार: मिरजेची घोडी

सकाळी सातला निघालो, आजरा-गडहिंग्लज-संकेश्वर करत साडेअकराला मिरज. वाद्यांच्या दुकानांच्या त्या गल्लीत गाडी नेऊ नका, बाहेर लावून चालत जा. छताला टांगलेले भोपळे, दारात लाकडाचा भुसा, आणि कुठल्याही दुकानातून कधीही एखादी तार छेडल्याचा आवाज. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. १९व्या शतकात हत्यारांना धार लावणारी इथली शिकलगार घराणी सतारी-तानपुऱ्यांकडे वळली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. घ्यायचं काही नसलं तरी जा. काम बघत बसलेल्या माणसाला इथं कुणी उठवत नाही, चहा विचारतात.

आत्याचा तानपुरा जवारी करणाऱ्या चाचांच्या मांडीवर होता. चाचा घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस चालवत होते. दोनच हात, अगदी हलके, मग फुंकर, मग तार चढवून एक टंकार, कान तिरका, नाही म्हणून मान, आणि पुन्हा कानस. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी मंद उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते म्हणून तो झंकार येतो. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवायचा. केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी आवाज अचानक उघडतो. जी जागा अंगठ्याला कळते ती मला दाखवूनही दिसली नाही.

मला आंबोलीची रात्र आठवली. रातकिडाही पंखांवरच गातो. एका पंखाला दातेरी शीर असते, कानशीसारखीच, ती दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासतो. चाचांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी हातातलं काम थांबवून पूर्ण ऐकलं आणि गंभीरपणे निदान केलं: "जवारी फार खुली आहे. गाणाऱ्याला चालणार नाही."

मग त्यांनी आम्हाला खाँसाहेबांची गोष्ट सांगितली. गवई अब्दुल करीम खाँ मिरजेचेच झालेले, १९३७ साली गेले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या नावानं अजून गाणं होतं. त्यांनी टिपू नावाचा कुत्रा पाळला होता आणि त्याला सुरात ओरडायला शिकवलं होतं असं सांगतात. आत्यानं माझ्याकडे बघितलं. हेच खाँसाहेब, ज्यांच्या मदतीनं कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद, तारेवर मोजल्या आणि १९१०च्या सुमारास त्यावर पुस्तक काढलं. मोजायची खाज मिरज-सांगलीकडे जुनी आहे तर. आमच्याकडे निदान ॲप होतं.

"आत्या, नारदीय शिक्षेतला घोडा सापडला," मी तानपुऱ्याच्या घोडीकडे बोट दाखवून म्हटलं.

"घोडा राहू दे. तुझा तो बेडूक काढ."

आजऱ्याच्या बांधावरचं रेकॉर्डिंग लावलं. दुकानात डरांव घुमलं, भुसा झाडणारा पोरगा वळून बघायला लागला. चाचांनी तानपुरा आत्याच्या नेहमीच्या पांढरी पाचला लावलेला होता. कोमल निषाद. हत्तीच.

आत्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. "बेडकाला धैवतच पाहिजे ना? मग सा अर्धा सूर वर घ्यायचा." आणि मग जरा हळू, "काळी चार."

काळी चार हा आत्याचा जुना सा. आकाशवाणीवर गायची तेव्हाचा. पांढरी पाचला ती उतरली त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील, आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.

चाचांनी विचारलं, "चढवू तारा?"

"चढवा."

खुंट्या करकरल्या. चार तारा, एकेक करून, मग मणके इकडं-तिकडं. तानपुरा वाजू लागला. मी पुन्हा बेडूक लावला, आणि ह्या खेपेला तो बसला. घोगरा, थोडा उतरलेला, पण धैवतच. चाचा हसले. भुसा झाडणारा पोरगाही हसला.

आत्या हसली नाही. तिनं मोबाइल माझ्या हातातून घेऊन बंद केला, तानपुरा स्वतःकडे ओढला, पदर सारखा केला आणि घसा साफ केला.